तारीख लिहा, पोहोच घ्या

कामाच्या जागी बाई म्हणून, गरोदर म्हणून, जातीवरून, अपंगत्वावरून किंवा आजारावरून तुम्हाला वेगळं वागवलं गेलं असेल आणि ती गोष्ट अजून कागदावर उतरली नसेल, तर हा मजकूर पुढं वाचण्याआधी एक काम करा. शेवटचा प्रकार कोणत्या तारखेला घडला, ते आठवा आणि लिहून ठेवा. तारीख नेमकी आठवत नसेल तर खुणेनं काढा: पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऑडिटवाले आले होते त्या आठवड्यात. मग कॅलेंडर उघडा आणि आजपर्यंत किती दिवस झाले ते मोजा.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की अन्याय झाला का, हा प्रश्न कायदा नंतर विचारतो. तक्रार मुदतीत आली का, हे तो आधी पाहतो. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. खासगी शाळेतल्या शिक्षकाला किंवा शिपायाला बडतर्फ केलं, तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला हातात फक्त तीस दिवस असतात. बाळंतपणाच्या रजेत कामावरून काढलं किंवा त्या काळातला लाभ नाकारला, तर अपिलाला साठ दिवस. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार नव्वद दिवसांत. या मुदती लोकांना माहीत नसतात, आणि ज्यांच्या विरुद्ध तक्रार करायची त्यांच्या वकिलांना त्या तोंडपाठ असतात.

कोलकात्याचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेनं कुलगुरूंविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार २६ डिसेंबर २०२३ ची. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, त्यांना एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर केलं गेलं होतं. हे त्याच छळाचं पुढचं पाऊल आहे आणि म्हणून मुदत ऑगस्टपासून मोजावी, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये ते मान्य केलं नाही. पदावरून दूर करणं हा स्वतंत्र प्रशासकीय निर्णय ठरला आणि तक्रार मुदतबाह्य. न्यायालयाला हे खटकलं असावं, कारण या आरोपाचा उल्लेख असलेला निकाल कुलगुरूंनी आपल्या परिचयपत्रात जोडावा, असा वेगळाच आदेश त्यानं दिला. पण चौकशी काही झाली नाही. तक्रारदार कायदा शिकवणाऱ्या होत्या. तिथं ही गत, तर रांजणगावच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात पॅकिंगवर बसणाऱ्या मुलीला तीन महिन्यांचा हिशेब कोण सांगणार?

म्हणून हे आवाहन. मूळ मागणी एकच आहे: तोंडी तक्रारीवर विसंबू नका. लिहून द्या, मुदतीत द्या आणि दिल्याची पोहोच घ्या.

लोक थांबतात, यात त्यांचा मूर्खपणा नसतो. साहेबांशी बोलून पाहू, म्हणून थांबतात. ‘अप्रेझल होऊन जाऊ दे’, ‘दिवाळीचा बोनस हातात पडू दे’, ‘कायम होण्याची ऑर्डर निघू दे’, म्हणून थांबतात. एचआरच्या बाई गोड बोलतात, ‘मी वर घातलंय’ म्हणतात आणि दोन महिने निघून जातात. घरी सांगितलं तर आई म्हणते, गप्प बस, लग्न व्हायचंय अजून. नवरा म्हणतो, घराचे हप्ते चालू आहेत. हे सगळं खरं आहे आणि त्यावर उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मात्र एवढं नक्की सांगता येतं, की वाट पाहायची असेल तर अर्ज देऊन पाहा. अर्ज दिल्यावर समेटाचा मार्ग बंद होत नाही. लैंगिक छळाच्या कायद्यात तर चौकशीआधी समेटाची तरतूदच आहे, फक्त ती तक्रारदार बाईनं स्वतः मागितली पाहिजे आणि पैसे देऊन प्रकरण मिटवता येत नाही. अर्ज न देता केलेल्या समेटाच्या गप्पा मात्र बहुतेक वेळा समोरच्याच्या फायद्याच्या ठरतात, कारण दिवस तुमचे जातात.

तीन महिने उलटून गेले असतील तर? तरीही लगेच जा. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीला कारणं लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत सवलत देता येते. आजारपण, धमकी, बाळंतपण, घरातलं निधन, तक्रार कुठं करायची हेच कार्यालयात कुठं लावलेलं नव्हतं, असं जे खरं कारण असेल ते अर्जातच स्पष्ट लिहा. घटना एक नसून मालिका असेल, तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजली जाते. कोलकात्याच्या निकालानंतर मात्र एक गोष्ट धरून चाला: नंतर झालेली बदली, काढून घेतलेलं काम, वाईट शेरा यांच्यामुळं मुदत आपोआप पुढं सरकेल, या भरवशावर बसू नका.

आता अर्जाविषयी. भाषा साधी ठेवा. मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. कोणी, कधी, कुठं, काय केलं, काय म्हणालं, कोण हजर होतं. शिवी असेल तर शिवी जशीच्या तशी लिहा. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ या वाक्यानं काहीच सिद्ध होत नाही. जातिवाचक शब्द वापरला असेल तर तो शब्द, आणि तो ऐकणारे कोण होते त्यांची नावं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमान लोकांच्या दृष्टीपुढं झाला होता का, हे पाहिलं जातं. बंद केबिनमध्ये दोघांतच घडलेल्या गोष्टीवर प्रकरण अडखळतं. म्हणून साक्षीदार महत्त्वाचे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांना प्राथमिक चौकशी करण्याची गरज नाही, हेही ठाण्यावर सांगता यावं.

लैंगिक छळाची तक्रार कार्यालयातल्या अंतर्गत समितीकडं द्यायची. नियमानुसार सहा प्रती, सोबत असतील ती कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून घ्यायला मदत करणं ही समितीचीच जबाबदारी आहे, कायद्यातच तसं आहे. ‘आधी लिहून आणा’ असं सांगून परत पाठवलं, तर तेही तारखेनिशी लिहून ठेवा.

एक प्रत स्वतःकडं ठेवायची आणि तिच्यावर शिक्का, सही, आवक क्रमांक घ्यायचा. आवक-जावकचा माणूस पोहोच देत नसेल तर भांडत बसू नका. त्याच दिवशी ई-मेल करा आणि टपालानंही पाठवा. पूर्वी आपण सगळे रजिस्टर पोस्ट म्हणायचो. २०२५ पासून ते स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा, पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. पावतीवरची शाई सहा महिन्यांत उडते.

पुराव्यासाठी फोन सांभाळा. व्हॉट्सॲपवरचे मेसेज स्क्रीनशॉट काढून उडवून टाकू नका, मूळ मेसेज असू द्यात. जुना फोन बदलायचा असला तरी विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते सोपं जातं. पगार स्लिप, नेमणूक पत्र, हजेरीची नोंद, मेमो, आधीची चांगली शेरेपत्रं हे सगळं नोकरीत असतानाच घरी आणून ठेवा. एकदा गेटवर कार्ड बंद झालं, की आतल्या मेलबॉक्समधलं काहीच हाती लागत नाही. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र उचलू नका. त्याचा उलटा गुन्हा करून तुमचीच तक्रार बाजूला सारली जाऊ शकते.

आणि राजीनामा. हे पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांनी विशेष ऐकावं. गरोदर असल्याचं कळल्यावर, मोठ्या आजाराचं निदान झाल्यावर, तक्रार केल्यावर खोलीत बोलावून ‘आता सही केलीस तर अनुभवपत्र चांगलं देऊ’ असं सांगितलं जातं. काढून टाकलेल्या माणसाला दाद मागता येते. स्वतः राजीनामा दिलेल्याला आधी तो जबरदस्तीनं घेतला होता हे सिद्ध करावं लागतं. तेव्हा खोलीतून बाहेर या, ‘घरी विचारून सांगते’ म्हणा. सही होऊन गेली असेल, तर त्याच संध्याकाळी ई-मेल करा: दबावाखाली सही घेतली, राजीनामा मागे घेत आहे. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार मान्य केलं आहे. रात्र मध्ये जाऊ देऊ नका.

कायद्यानं खरोखर काही होतं का, असं विचारणाऱ्यांना मुंबईचाच इतिहास सांगावा लागेल. साठच्या दशकात इथल्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलिंगच्या विभागात नियम होता, की लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची. बॉम्बे लेबर युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयानं फेटाळला आणि तो नियम गेला. पुढं बॅलार्ड इस्टेटच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाईंनी विचारलं, की तेच काम करणाऱ्या पुरुष स्टेनोला जास्त पगार का? कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालेला आहे. शिवाय आमची परिस्थिती बेताची आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही सबबी नाकारल्या. बेताची परिस्थिती ही बाईच्या पगारातून भरून काढायची गोष्ट नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा १९८१ चा निकाल अर्धा गोड, अर्धा कडू. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याची अट न्यायालयानं रद्द केली, पण नोकरी लागल्यापासून चार वर्षांत लग्न न करण्याची अट कायम ठेवली. आज तो भाग वाचताना नवल वाटतं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक हंगामी कामगार ‘एमएक्स’ या नावानं उभा राहिला. चाचणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याला कामावरून दूर केलं होतं. खरं नाव जाहीर न करता खटला चालवायला न्यायालयानं परवानगी दिली, काम करण्याची क्षमता असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळं काढता येणार नाही असं सांगितलं आणि त्याला परत घ्यायला लावलं. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, संसदेनं एचआयव्हीबाधितांविरुद्धचा भेदभाव नोकरीतही बेकायदा ठरवणारा कायदा केला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. कायद्याच्या वीस वर्षं आधी एक कामगार न्यायालयात उभा राहिला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

विशाखा प्रकरणाचंही तेच. राजस्थानच्या भटेरी गावात बालविवाह थांबवण्याचं सरकारी काम करणाऱ्या भँवरी देवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून आलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि कायदा व्हायला २०१३ उजाडलं. आज कॉर्पोरेट कार्यालयांत ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात, तो कायदा एका खेड्यातल्या, मानधनावर काम करणाऱ्या बाईमुळं आला. पॉश ट्रेनिंगच्या स्लाइडवर हे क्वचितच असतं.

आता कायद्याची उणी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आवाहन खोटं होईल. संविधानाच्या पंधराव्या-सोळाव्या कलमातली समानतेची हमी प्रामुख्यानं सरकारवर बंधनकारक आहे. खासगी कंपनीनं आडनाव बघून मुलाखतीला बोलावलंच नाही, धर्म बघून घेतलं नाही, तर थेट पकडेल असा सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायदा आपल्याकडं नाही. वेगवेगळे तुकडे आहेत. अपंगांसाठी २०१६ चा कायदा, पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा, एचआयव्हीसाठी २०१७ चा, वेतनासाठी वेतन संहिता. यातल्या एका तुकड्यात तुमचं प्रकरण बसवावं लागतं आणि तिथंच जाणत्या माणसाची गरज लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, म्हणून जुनी पाठांतरं तपासून घ्या. समान वेतनाचा १९७६ चा कायदा आता वेतन संहितेत गेला आहे. तिथं लिंगावरून वेतनात भेद करायला मनाई आहे आणि त्यात पारलिंगी व्यक्तीही येतात. वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळते, ही बाजू सुधारली. दुसरी बाजू आवळली आहे. नोकरीवरून काढल्यावर कामगाराला स्वतः न्यायाधिकरणाकडं जायला औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षं होती, औद्योगिक संबंध संहितेत ती दोन केली आहेत. ज्यांना तीन वर्षांची सवय आहे अशा युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांनी हे आपल्या सभासदांना या महिन्याच्या सभेतच सांगावं, ही विनंती.

महाराष्ट्रातल्या कामगारांच्या हातात आजवर एक खास हत्यार राहिलं आहे: अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा राज्याचा कायदा. सूडबुद्धीनं कामावरून काढणं, गुणवत्ता सोडून एका गटाला झुकतं माप देणं, कायम करावं लागू नये म्हणून माणसाला वर्षानुवर्षं ‘ब्रेक’ देत बदली किंवा हंगामी म्हणून राबवणं, या सगळ्यांना तिथं नाव आहे. कामगार न्यायालयाच्या आवारात फिरणाऱ्या जुन्या माणसाला ‘परिशिष्ट चार’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण नव्वद दिवस. ब्रेक मिळाल्यावर गावी जाऊन शेतीची कामं उरकून परत आलात, की त्यातले साठ गेलेले असतात.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. गेल्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालं असेल तर पगारी रजेचा हक्क आहे, पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे. रोजंदारीवर आहात म्हणून तो जात नाही, हे दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवून ठेवलं आहे. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ थांबत नाही, हे २०२३ मध्ये स्पष्ट झालं. अपंगत्वाचं असं, की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. योग्य काम नसेल तर त्याच्यासाठी जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. एसटीच्या किंवा महापालिकेच्या चालकाला दृष्टी कमी झाली म्हणून ‘घरी बसा’ असं तोंडी सांगितलं जात असेल, तर त्यानं घरी बसू नये. रोज हजर राहावं, हजेरी लावू देत नसतील तर रोज मेल किंवा मेसेज करावा, आणि पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं अर्ज करावा.

दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेली दुकानं, दवाखाने, वकिलांची कार्यालयं, ब्यूटी पार्लर, घरकाम: इथं अंतर्गत समिती नसते. आणि मोठ्या ठिकाणीही मालकाविरुद्धच तक्रार असेल तर समिती असून नसल्यासारखी. अशांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिच्याकडं तक्रार पोहोचवायला प्रत्येक तालुक्यात आणि शहरात प्रभागनिहाय नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि त्यानं सात दिवसांत तक्रार पुढं पाठवायची असते. कायद्यात हे २०१३ पासून आहे. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना तारखा घालून द्याव्या लागल्या, की जिल्हा अधिकारी अमुक दिवसापर्यंत नेमा, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत करा.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या प्रत्येक वाचकाला एक काम सांगतो. तहसील किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात दुसऱ्या कामासाठी जाल तेव्हा विचारा: आपल्या तालुक्याचे नोडल अधिकारी कोण? नाव आणि फोन नंबर मागा. कोणालाच माहीत नसेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. पत्रकारांनी तर हे करावंच. ती बातमी आहे.

ऊसतोड बायकांचा प्रश्न इथं येतोच. बीडच्या बायका गर्भपिशवी काढून फडावर का जातात, याचा तपास करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली होती. पाळी आली किंवा दिवस गेले म्हणून एक दिवस बसलं की खाडा. तो उचलीतून कापला जातो, आणि उचल कोयत्याला मिळते, म्हणजे नवरा-बायको मिळून एका जोडीला. बाईचं नाव कुठल्याच कागदावर वेगळं नसतं. मालक कोण विचारलं तर कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडं. यापेक्षा उघड भेदभाव मला माहीत नाही, आणि कागदावर इतका नसलेलाही माहीत नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या तळावर जाऊन बायकांची नावं आणि उचलीची रक्कम वहीत उतरवून घेणारे दोन-चार कार्यकर्ते प्रत्येक तालुक्यात उभे राहिले, तर पुढच्या कुठल्याही तक्रारीला पाया मिळेल. साखर कारखान्यांचे संचालक हे वाचत असतील, तर त्यांनी छळाच्या तक्रारीसाठी आपल्या समितीच्या अध्यक्षबाईंचा नंबर गेटवरच नव्हे, टोळ्या उतरतात त्या तळावर लावावा.

समित्यांवर काम करणाऱ्यांनाही काही सांगायचं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात २००९ साली समितीनं अठरा बैठका घाईघाईनं उरकल्या. विभागप्रमुख असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण परत पाठवलं. घटनेला चौदा-पंधरा वर्षं होऊन गेलेली. घाई करून न्याय दिल्यासारखं दिसलं, आणि तक्रार करणाऱ्या मुलींच्या पदरी काय पडलं? समितीला नव्वद दिवस असतात. त्यांचा वापर करा. तक्रारीची प्रत समोरच्याला सात कामकाजाच्या दिवसांत द्या, उत्तर घ्या, उलटतपासणीची सोय करा, प्रत्येक बैठकीची नोंद ठेवा. तक्रारदार बाईला चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा हवी असेल तर तशी शिफारस करा. तो अधिकार तुमच्याकडं आहे आणि तो क्वचित वापरला जातो. आणि ‘खोटी तक्रार केलीस तर कारवाई होईल’ हे पहिल्याच बैठकीत बोलून दाखवणं बंद करा. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो.

मालकांनो, समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तो तुम्हाला जड नाही, हे माहीत आहे. पण दुसऱ्यांदा तीच चूक झाली तर दंड दुप्पट होतो आणि परवाना रद्द होऊ शकतो.

सहकाऱ्यांकडं मात्र माझी खरी विनवणी आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळे कुजबुजतात, ‘वाईट झालं तिच्याबाबत’. साक्षीची वेळ आली की एकाला रजा, दुसऱ्याला शिफ्ट. तुम्ही पुढारी व्हावं असं कोणी म्हणत नाही. जे पाहिलं ते तारखेसह चार ओळींत लिहून, सही करून तिच्या हातात द्या. किंवा तिच्यासोबत समितीच्या खोलीच्या दारापर्यंत जा. फेसबुकवर तिच्या बाजूनं पोस्ट लिहू नका. तक्रारदाराची, साक्षीदारांची ओळख आणि चौकशीतला मजकूर प्रसिद्ध करायला कायद्यानं मनाई आहे, आणि तुमच्या उत्साहाचा भार तिच्यावर पडतो.

वकिलाची फी परवडणार नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुका न्यायालयात तालुका समिती. फोन करायचा असेल तर १५१००. तातडीचा धोका असेल तर महिलांसाठी १८१. फोन केलात तरी अर्ज वेगळा द्यावाच लागतो. फोनवरच्या बोलण्यानं मुदत थांबत नाही.

सुरुवातीला काढायला सांगितलेली तारीख ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांपूर्वीची निघाली असेल, तर अर्ज आज रात्रीच लिहा. सुंदर अक्षराची गरज नाही. वहीचा कागद चालतो. उद्या कार्यालय उघडताच द्या, सुट्टी असेल तर आज ई-मेल करा, आणि पुरवणी माहिती नंतर जोडेन अशी एक ओळ शेवटी टाका.